पेटीच्या खुंट्या आणि सुरांची निवड

गवयाने आपला षड्ज सांगितल्यानंतर आणि पेटीवादकाने भात्याला पहिला हात घालण्यापूर्वी जो अर्धा क्षण मैफलीत रिकामा जातो, त्या क्षणात वादकाचा हात पेटीच्या दर्शनी फळीवरील गोल मुठींकडे वळतो, एखादी बाहेर ओढतो, एखादी आत लोटतो, आणि मगच गाणे सुरू होते. या हालचालीची दखल श्रोत्यांपैकी सहसा कोणी घेत नाही. समीक्षकही घेत नाहीत. आणि खेदाची गोष्ट अशी की, ज्याच्या हातून ती घडते त्या वादकानेही पुष्कळदा तिचा विचार केलेला नसतो, गुरूने जी मूठ ओढली तीच शिष्य ओढतो, एवढाच काय तो शिरस्ता. या मुठींना कोणी खुंट्या म्हणतात, कोणी बटणे, कोणी सरळ स्टॉप म्हणतात. नाव काहीही असो, कोणत्या सुरांच्या संचाला वारा द्यावयाचा आणि कोणाचा तोडावयाचा, याचा बंदोबस्त त्यांच्याकडे असतो, आणि पुढील तीन तास गायकाच्या गळ्याभोवती कोणत्या रंगाचा ध्वनी वावरणार याचा निकाल तेथेच लागतो. या संपूर्ण प्रश्नाचा, तो जेथे प्रथम उपस्थित झाला तेथपासून सातारा-सांगलीच्या मुलखात त्याचे काय झाले येथपर्यंत, आढावा घेण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम यंत्राची ओळख. तीन सुरांच्या हातपेटीत पितळी जिभांचे तीन संच असतात: खर्ज, नर आणि मादी. एकच पट्टी दाबली असता नर संच त्या पट्टीचा मूळ स्वर देतो, खर्ज संच त्याच्याच खालच्या सप्तकातील आणि मादी संच वरच्या सप्तकातील. तीन संचांची सात प्रकारे जुळणी होऊ शकते. पण वापरात मुख्यत्वे नर एकटा, खर्ज-नर, नर-मादी आणि तिन्ही एकत्र, अशा चारच जुळण्या आढळतात. याखेरीज काही पेट्यांत कपलर असतो, तो लावला की दाबलेल्या पट्टीबरोबर तिच्या सप्तकाची दुसरी पट्टीही आपोआप दबते. नाटक कंपन्यांतील पायपेटी, जिला आपल्या रंगभूमीने ऑर्गन हेच नाव कायम केले, तिच्यात खुंट्यांची संख्या दहा-पंधरापर्यंत जाई; त्यांतील सर्वच नवे संच उघडीत असत असे नव्हे, काही खुंट्या आहे त्याच संचावरील झाकण कमीजास्त करीत, एखादी लहानसा पंखा फिरवून स्वराला कंप देई. त्या खुंट्यांवर गॉथिक वळणाच्या अक्षरांत जी विलायती नावे कोरलेली असत, त्यांचा अर्थ आमच्या वादकांपैकी फार थोड्यांना ठाऊक होता. ते नावावरून नव्हे, कानावरून खुंटी ओळखीत, आणि माझ्या मते हीच रीत अधिक शहाणपणाची होती.

हा प्रश्न मुळात युरोपातील देवळांचा. तेथील नळ्यांच्या ऑर्गनमध्ये प्रत्येक खुंटीमागे नळ्यांची एक संपूर्ण ओळ असते, आणि तिची उंची फुटांत सांगतात: आठ फुटी ओळ मूळ सप्तकाची, सोळा फुटी खालच्या सप्तकाची, चार फुटी वरच्या. आपले खर्ज, नर आणि मादी म्हणजे याच सोळा, आठ आणि चार फुटांची घरगुती आवृत्ती होय. गॉटफ्रीड झिल्बरमान याने फ्रायबर्गच्या मुख्य देवळात १७१४ साली पुरा केलेल्या वाद्यात अशा खुंट्या चाळीसहून अधिक होत्या. आता ज्या काळात योहान सेबास्टियन बाख याने आपल्या अजरामर रचना लिहिल्या, त्या काळातील जर्मन हस्तलिखितांत स्वर असतात, लय क्वचित असते, पण कोणती खुंटी ओढावी हे बहुधा मुळीच नसते. बाखने अखेरच्या वर्षांत छापविलेल्या सहा कोरालांत कोठे सोळा, कोठे आठ, कोठे चार फूट असे जे त्रोटक आकडे दिले आहेत, तसे पक्के दाखले मोजकेच. बाकी सारा मामला वाजविणाऱ्याच्या विवेकावर सोपविलेला. फ्रान्सची गोष्ट नेमकी उलट: कुप्रँ याचे १६९० मधील ऑर्गनसंगीत किंवा ग्रिन्यी याचा १६९९ चा ग्रंथ उघडला तर रचनेचे शीर्षकच खुंटीचे नाव सांगते. अमुक तुताऱ्यांचा खर्ज, तमुक संचाचा मध्यस्वर, अशी ती शीर्षके. जणू रागाच्या नावाऐवजी वाद्याच्या रंगाचेच नाव चिजेला दिलेले.

जर्मन हस्तलिखितांतील या पोकळीत पुढील दोन शतके पंडितांचे वाद माजले नसते तरच नवल. एका पक्षाने झिल्बरमानने दोन खेड्यांतील देवळांच्या वादकांसाठी लिहून ठेवलेल्या जुळण्यांच्या याद्या पुढे केल्या; दुसऱ्याने हाले येथील सामुएल शाइट याच्या १६२४ मधील ग्रंथातील सल्ला सांगितला. एकाच उंचीचे दोन संच एकत्र काढू नयेत, कारण ते एकमेकांचा वारा खातात, हा जुन्या ग्रंथकारांचा दंडक; वारा मुबलक असेल तर काढावयास हरकत नाही, हे त्यावरील उत्तर. एकोणिसाव्या शतकात ऑर्गनची बांधणीच पालटली, रचना हळू आरंभून खुंटीमागून खुंटी उघडीत शेवटी गर्जनेपर्यंत न्यावी अशी रूढी पडली, आणि बाखच्या फ्यूग नावाच्या रचनाही तशाच वाजू लागल्या. त्याविरुद्ध आल्बेर्ट श्वाइत्सर याने १९०६ साली जर्मन व फ्रेंच ऑर्गनबांधणीवर जी पुस्तिका लिहिली, तिच्यातून पुढे जुन्या वाद्यांकडे परतण्याची एक मोठी चळवळ उभी राहिली. तीही अतिरेकाला गेली. पातळ, टोचणाऱ्या वरच्या संचांनाच शुद्धता समजण्याचा काळ आला आणि गेला.

या साऱ्या वादात मला सर्वांत मोलाची वाटते ती बाखच्या मुलाने सांगितलेली एक आठवण. नवा ऑर्गन तपासावयास गेला की बाख प्रथम सर्व खुंट्या ओढून वाद्य पूर्ण शक्तीने वाजवी, आणि म्हणे की, याची फुप्फुसे कशी आहेत ते आधी पाहू. त्याचा चरित्रकार फोर्केल १८०२ साली लिहितो की, बाखची खुंट्यांची निवड इतकी लोकविलक्षण असे की, ऑर्गन बांधणारे आणि वाजविणारे ती पाहून घाबरत, आणि वाजू लागल्यावर चकित होत. म्हणजे ज्याला सर्व खुंट्या एकदम ओढणे ही केवळ वाऱ्याची परीक्षा वाटे, त्याने प्रत्यक्ष वादनासाठी निवड मात्र डोळ्यांत तेल घालून केली. आमच्याकडे आज परीक्षेलाच वादन समजले जाते.

पॅरिसच्या देबँ याने हार्मोनियमचे पेटंट घेतले ते १८४२ साली, आणि विष्णुदास भाव्यांनी सांगलीकर चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने सीतास्वयंवराचा खेळ केला तो १८४३ साली. एका वर्षाच्या अंतराने जन्मलेल्या या दोन गोष्टींची गाठ पडण्यास मात्र बराच अवधी जावा लागला. मध्यंतरी कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी पायपेटीची हातपेटी करून तिला भारतीय बैठकीत मांडी घालून बसावयास शिकविले. मिशनऱ्यांनी घडीच्या लहान ऑर्गनी बैलगाडीत घालून गावोगाव नेल्या. आणि मिरजेत डॉ. वानलेस यांचे वैद्यकीय मिशन स्थिरावले तेव्हा या मुलखातील मराठी ख्रिस्ती उपासनेत पेटीचा स्वर रुळू लागलाच होता. उपासनेतील वापर मी येथे बाजूला ठेवतो. तेथे समुदायाला स्वर दाखविणे हे काम असते, आणि त्यासाठी वरचा संच उघडा ठेवण्यास सबळ कारण आहे.

रंगभूमीची गोष्ट निराळी, आणि आपला खरा विषय तोच. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या शाकुंतलापासून म्हणजे १८८० पासून संगीत नाटकाचा जो प्रवाह सुरू झाला, त्याला सांगलीच्या परिसराने माणसे किती पुरविली हे पाहिले म्हणजे नाट्यपंढरी हे बिरूद फुकाचे नाही असे वाटते. शारदा लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल कृष्णा-वारणेच्या संगमावरील हरिपूरचे. मानापमान व स्वयंवर लिहिणारे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर सांगलीचे. आणि ज्यांच्या गळ्यासाठी ती पदे झाली त्या बालगंधर्वांचे नागठाणे हे गावही कृष्णाकाठचेच. १९११ सालच्या मानापमानाला चाली दिल्या त्या कोल्हापूरच्या गोविंदराव टेंब्यांनी, आणि टेंबे हे त्या पिढीतील अग्रगण्य पेटीवादक होते, ही गोष्ट या प्रश्नाच्या दृष्टीने क्षुल्लक नाही. चाल बांधणाराच पेटीवर बसणारा असला म्हणजे पदाच्या तोंडाशी कोणता स्वर भरीव हवा आणि अंतऱ्याच्या टोकाशी कोणता पातळ, याचा विचार चालीबरोबरच जन्मतो. तो पुढे वेगळा करावा लागत नाही.

त्या काळच्या नाट्यगृहाची कल्पना आजच्या प्रेक्षकाला येणे कठीण. ध्वनिवर्धक नाही, कनातीचे किंवा पत्र्याचे थिएटर, पिटातील गलबला, आणि रंगमंचाच्या पुढील खळग्यात ऑर्गन, सारंगी आणि तबला. गंधर्व नाटक मंडळीत कादरबक्षांची सारंगी आणि अहमदजान थिरकवांचा तबला असे, तेथे ऑर्गनने काय करावयाचे? सारंगी गळ्याची छाया आहे, ती मींड घेते, श्रुती दाखविते. ऑर्गनला यांपैकी काहीच साधत नाही. त्याला साधते ते एकच, आणि ते सारंगीला साधत नाही: गळ्याखाली न हलणारी जमीन अंथरणे. म्हणून जाणत्या वादकाची खुंटी खालच्या संचाची, आणि तीही झाकण अर्धे लावलेली. गुडघ्याने ढकलावयाच्या दांडीने तो ध्वनी वाढवी, पण नट श्वास घेत असेल त्या अवकाशात. नटाने आलाप उचलला की दांडी परत. अमेरिकन बनावटीच्या या पायपेट्या वारा बाहेर ढकलीत नाहीत, आत ओढतात. त्यामुळे त्यांचा ध्वनी हातपेटीपेक्षा मऊ आणि किंचित दूरचा असतो, आणि रंगभूमीने हातपेटी सोडून यांना जवळ केले यात मोठाच विवेक होता.

येथे एक अवघड स्थळ आहे. पायपेटीच्या बहुतेक खुंट्या अर्ध्या असतात: एक डाव्या हाताच्या पट्ट्यांपुरती, दुसरी उजव्या हाताच्या. डावीकडे खोल संच आणि उजवीकडे साधा, अशी जुळणी केली की वादकाला दोन रंग एकाच वेळी मिळतात. पण चाल मधल्या सीमेवरून खालीवर जाऊ लागली की स्वराचा पोत मध्येच बदलतो, आणि साडीच्या पदराला दुसऱ्याच साडीचा काठ जोडावा तसे ऐकणाऱ्याला जाणवते. म्हणून पद कोणत्या पट्टीत गावयाचे हे ठरल्याशिवाय खुंटी ठरविता येत नाही. स्त्रीभूमिका करणाऱ्या पुरुष नटाचा गळा नेमका या सीमेवर खेळतो. हातपेटीत ही अडचण नाही. तेथे संच अखंड असतो. तिची अडचण वाऱ्याची आहे. तीन संच उघडले की एका हाताने चालणाऱ्या भात्याला तिघांचे पोट भरावे लागते. भाता घाईने चालतो, त्याची फडफड ऐकू येते, आणि सम आली त्याच क्षणी वारा संपलेला असतो. बाखला फुप्फुसांची चिंता का होती हे अशा वेळी कळते.

दुसरी अडचण उच्चाराची. खर्जाची जीभ लांब आणि जड. वारा लागल्यापासून ती बोलू लागेपर्यंत जो सूक्ष्म अवधी जातो, तो मादीच्या जिभेला लागत नाही. विलंबित ख्यालाला हा उशीर शोभतो, किंबहुना त्याने स्वराला भारदस्तपणा येतो. पण द्रुत तानेत नर पुढे निघून जातो आणि खर्ज त्याच्या मागून पालखीतल्या बुवासारखा डुलत येतो. ज्या वादकाने विलंबितासाठी खर्ज-नर काढले, त्याने द्रुत सुरू होताना खर्ज आत लोटावा, ही गोष्ट इतकी सरळ आहे की ती लिहावी लागते याचाच विस्मय वाटतो. बंदिशीच्या मध्यावर खुंटीला हात लावू नये, असा एक समज आहे. तो युरोपातही आहे, आणि तेथे फ्यूगच्या मध्यावर खुंटी बदलावी की नाही यावर पुस्तके झाली आहेत. पण फ्यूगला मध्ये विसावा नसतो, ख्यालाला असतो. तबलजी लय बदलीत असतो तेवढा वेळ पुरे.

आता या प्रश्नाच्या गाभ्याकडे येतो. पेटीच्या पट्ट्या समान अंतराने लावलेल्या असतात, सबब तिचा शुद्ध गांधार गवयाच्या गांधारापेक्षा चढा असतो, ही तक्रार शंभर वर्षे ऐकू येत आहे. पण खुंटीचा आणि या तक्रारीचा संबंध कोणी जोडून पाहिला म्हणजे एक चमत्कारिक गोष्ट दृष्टीस पडते. पांढरी एकचा षड्ज सेकंदाला सुमारे २६१.६ कंपनांचा धरला तर तंबोऱ्याशी जुळलेला गांधार ३२७ चा येतो आणि पेटीचा ३२९.६ चा. हे दोन एकत्र वाजले की त्यांच्यात सेकंदाला सुमारे अडीच डोल पडतात. कान त्यांना स्वराचा कंप समजतो आणि चालवून घेतो. मादीचा संच उघडला की तेथे दोन्ही गांधारांची कंपनसंख्या दुप्पट, म्हणून डोलही दुप्पट, सेकंदाला पाच. आणि हा कंप कानाला खटकू लागतो. उलट खर्जात ते निम्मे, सेकंदाला सव्वा, म्हणजे जवळजवळ शांत लाट. पंचमाचे तसे नाही: पेटीचा पंचम शुद्ध पंचमाहून इतका थोडा उतरलेला आहे की तिन्ही संचांत तो खपतो. निष्कर्ष असा की, ज्या रागात गांधारावर न्यास आहे, तेथे मादीची खुंटी ओढणे म्हणजे पेटीचा दोष गवयाच्या तोंडासमोर दुप्पट करून धरणे होय. आणि पंचम-षड्जावर उभ्या असलेल्या पदात तीच खुंटी निर्दोष ठरू शकते. खुंटीची निवड आणि सूर लावण्याची पद्धती हे दोन प्रश्न नाहीत, एकच प्रश्न आहे, असे मी म्हणतो ते यासाठी. युरोपातही हेच घडले होते: झिल्बरमानची वाद्ये समान अंतराने लावलेली नव्हती, त्यांत नेहमीच्या वापरातील गांधार शुद्धाच्या जवळ होते, म्हणूनच वरचे संच एकावर एक रचूनही त्यांचा ध्वनी गोड राही, तीच जुळणी पुढच्या काळातील वाद्यावर ओढली की कर्कश होते, आणि मग दोष बाखला दिला जातो.

विधिसंकेत असा की, या एका प्रश्नाचे दोन अर्धे भाग या मुलखात एकाच काळी, थोड्या कोसांच्या अंतरावर, निरनिराळ्या हातांत होते. एक भाग नाटक कंपनीच्या खळग्यात. दुसरा सांगलीस, कृष्णाजी बल्लाळ देवलांच्या अभ्यासिकेत. हे देवल म्हणजे शारदाकार नव्हेत, निवृत्त डेप्युटी कलेक्टर. जमाबंदीचे हिशेब करून झाल्यावर या गृहस्थाने श्रुतींची मोजणी आरंभिली, तारांच्या लांबीवरून स्वरांची मापे घेतली, आणि १९१० साली हिंदू स्वरसप्तक व बावीस श्रुती या विषयावर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले. मिरजेस वास्तव्य करणाऱ्या अब्दुल करीमखाँसाहेबांच्या गळ्याचा त्यांना आधार मिळाला. त्या गळ्याइतके सूक्ष्म मापयंत्र त्या काळी दुसरे कोणते मिळाले असते? अर्नेस्ट क्लेमंट्स हे आय.सी.एस. न्यायाधीश देवलांच्या मताने भारून गेले, त्यांनी १९१३ साली आपला ग्रंथ काढला, आणि लंडनच्या मूर अँड मूर कंपनीकडून श्रुतींच्या पट्ट्यांची पेटी तयार करविली. १९१६ साली बडोद्यास भरलेल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत तिचे प्रदर्शन झाले. भातखंडे आणि त्यांच्या बाजूच्या मंडळींना ती मान्य झाली नाही, आणि श्रुती संख्येने मोजाव्यात की रागागणिक ओळखाव्यात या वादात पेटी मागे पडली.

देवलांवर टीका करणे सोपे आहे. राग हा स्थिर स्वरांची मांडणी नसून स्वरांतील हालचाल आहे, तेव्हा कितीही पट्ट्या वाढविल्या तरी ती हालचाल पेटीत येणार नाही, हा आक्षेप खरा आहे, आणि त्याला देवलांजवळ उत्तर नव्हते. तथापि त्यांनी जो प्रश्न विचारला तो अचूक होता, आणि त्यांच्या पेटीचा एक लहानसा वारसा आजही जिवंत आहे, डॉ. विद्याधर ओक यांनी अलीकडच्या काळात बावीस श्रुतींची पेटी पुन्हा सिद्ध करून दाखविली ती त्याच वाटेवर. माझी तक्रार निराळी आहे. देवलांनी पट्ट्यांचा विचार केला, खुंट्यांचा केला नाही; खळग्यातील वादकाने खुंट्यांचा केला, पट्ट्यांचा केला नाही. एकाने दुसऱ्याकडे सांगलीहून मिरजेला जाण्याइतके जरी अंतर काटले असते, तर गांधाराचे पद असेल तेव्हा मादी बंद, हा साधा जाबता त्याच वेळी तयार झाला असता.

तो झाला नाही, आणि त्याची किंमत पेटीने मोजली. १९४० साली आकाशवाणीने हार्मोनियमला बंदी केली, ती १९७१ पर्यंत टिकली. या फर्मानामागे लायनेल फील्डन आणि जॉन फोल्ड्स या इंग्रजांचा हात होता, रवींद्रनाथांची संमती होती, आणि आनंद कुमारस्वामींसारख्यांचे लिखाण होते. आरोप तीन: तिचे स्वर बेसूर आहेत, तिला मींड येत नाही, आणि ती गळा दाबून टाकते. पहिला आरोप देवलांनी आधीच मान्य केला होता. दुसरा निर्विवाद आहे. तिसरा मात्र पेटीचा दोष नव्हे, खुंट्या ओढणाऱ्याचा आहे, आणि त्याबद्दल तीस वर्षे शिक्षा भोगली ती वाद्याने. त्या तीस वर्षांत ज्यांनी पेटी सांभाळली, त्यांनी ती मैफलीत, नाटकांत आणि बेळगाव-कोल्हापूर-मिरजेच्या घरगुती बैठकांत सांभाळली. बेळगावचे विठ्ठलराव कोरगावकर आणि रामभाऊ विजापुरे, मुंबईचे पी. मधुकर, पुढे गोविंदराव पटवर्धन, या मंडळींच्या हातून खुंट्यांचे शिक्षण तोंडी परंपरेने पुढे आले. साताऱ्याच्या बाजूस औंधला, जेथे अंतूबुवा जोशी दरबारी गवई होते, तेथे त्यांचे चिरंजीव गजाननराव यांनी व्हायोलिन आत्मसात केले आणि साथीला पेटीच हवी असे नाही हे दाखवून दिले. ती स्पर्धा पेटीवादकांना उपकारकच ठरली, कारण व्हायोलिनशेजारी बसलेला पेटीवाला मादीची खुंटी ओढावयास आपोआप लाजतो.

ध्वनिवर्धक आल्यावर परिस्थिती पालटली, आणि माझ्या मते बिघडली. मायक्रोफोनातून पुष्कळदा वरचा संचच पुढे येतो. खर्जाची मऊ जमीन मागे पडते. वादकाला स्वतःला ऐकू येते एक आणि सभागृहात जाते दुसरे. कृष्णाकाठच्या एका गावी जत्रेनिमित्त झालेल्या जुन्या नाटकाच्या प्रयोगाला मी बसलो होतो. पायपेटी उसनी आणलेली, पावसाळ्यात लाकूड फुगलेले, आणि कंपाच्या पंख्याची खुंटी उघडी पडून आत जाईना. नायिका विरहाचे पद म्हणत होती आणि तिच्या प्रत्येक दीर्घ स्वराखाली पेटी हुडहुडी भरल्यासारखी थरथरत होती. वादक पायाने भाता चालवीत, डाव्या हाताने स्वर धरीत, उजव्या हाताच्या मुठीने खुंटीवर ठोसे मारीत होता; ठोसे ध्वनिवर्धकातून सर्व गावाला ऐकू गेले. मध्यंतरात एका प्रेक्षकाने त्या बाईंचे विशेष कौतुक केले, की गळ्याला काय सुरेख कंप आहे. असो.

आजच्या वादकांकडे तीन सुरांच्या, कपलर आणि स्केल चेंजर असलेल्या उत्तम पेट्या आहेत. स्केल चेंजरमुळे गवयाची पट्टी कोणतीही असली तरी बोटांची ठेवण तीच राहते. सोय मोठी, पण पट्टी बदलली की जिभा बदलतात आणि प्रत्येक संचाचा रंग थोडा सरकतो, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. पांढरी चारच्या स्त्रीस्वराला जी जुळणी शोभली, ती काळी एकच्या पुरुषस्वराला तशीच लावणे चूक आहे. मला विचाराल तर साथीला खर्ज-नर, द्रुतात नर एकटा, एकलवादनात वाटेल ते, आणि तिन्ही संच एकत्र फक्त वाऱ्याची परीक्षा घेण्यासाठी. यात मतभेदाला पुष्कळ जागा आहे, आणि वाद्यागणिक अपवाद होतील. मिरजेच्या दर्ग्याच्या आवारात अब्दुल करीमखाँसाहेबांच्या स्मरणार्थ दरसाल गाणे होते, तेथे तंबोरे जुळविण्यासाठी जेवढा वेळ दिला जातो, त्याच्या दशांश वेळ पेटीच्या खुंट्यांना दिला तर पुरे होईल.

शेवटी या मुलखातील संगीत नाटक मंडळ्यांना, हौशी संस्थांना आणि ज्यांच्या घरी जुन्या वादकांच्या पदांच्या वह्या आहेत त्या सर्वांना माझी एक विनंती आहे. वहीत पदाच्या शेजारी पट्टी लिहिलेली असते, ताल लिहिलेला असतो. खुंटीची नोंद मात्र कोणीच केलेली नसते, आणि ज्या वृद्ध वादकांना ती मुखोद्गत आहे ते दरवर्षी कमी होत आहेत. त्यांना घरी जाऊन विचारावे, पेटीसमोर बसवून ओढून दाखवावयास सांगावे, आणि पदाच्या समासात पेन्सिलीने लिहून ठेवावे. ख, न, मा, एवढी अक्षरे पुरतील.